हे कुणी केलंय वो?

घरात कारागीर आला की तो वर बघतो, जिभेनं ‘च्च’ करतो आणि विचारतो, “हे कुणी केलंय वो?” हा प्रश्न कानावर पडला की माझ्या पोटात गोळा येतो. कारण आता भिंत फुटणार, ती फोडायचे पैसे मी देणार, बुजवायचेही मीच देणार, आणि चार वर्षांनी दुसरा कुणीतरी येऊन त्याच जागी उभा राहून तेच विचारणार.

अठरा दिवस झाले, आमच्या घरात नळाला गरम पाणी नाही. जानेवारीचा महिना. सासूबाई 84 वर्षांच्या. भोगीला तीळ लावून न्हायचं म्हणून त्या पहाटे पाचला उठून बसल्या आणि मी गॅसवर पातेली चढवली. उकळतं पातेलं दोन्ही हातांत फडकी धरून स्वयंपाकघरातून न्हाणीपर्यंत न्यायचं, वाटेत उंबरा, उंबऱ्यावर प्लंबरनं ठेवलेला घन. तीन फेऱ्या झाल्यावर मी सासूबाईंना म्हटलं, आई, बाकीचे तीळ तुम्ही खाऊनच टाका.

सांगितलं तर साधी गोष्ट आहे. गच्चीवरच्या सोलरची टाकी गळायला लागली. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णा आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर गेली तेव्हा आमच्या शामरावनगरातल्या घरात कमरेएवढं पाणी होतं. सगळंच नव्यानं करायचं होतं, म्हणून त्या दिवाळीनंतर सोलरही बसवून घेतला. 200 लिटर, 20 नळ्या. टाकीला पाच वर्षांची वॉरंटी. टाकी गळायला लागली ती पाच वर्षं दोन महिन्यांनी. या टाक्यांना पंचांग कळतं की काय कोण जाणे.

बरं, दोन महिने आधी गळली असती तरी उपयोग नव्हता. वॉरंटीचं कार्ड शोधून काढलं, भिंग लावून मागची बाजू वाचली. क्षाराच्या पाण्यामुळं झालेलं नुकसान वॉरंटीत धरलं जाणार नाही! अहो, सांगलीत बोअरच्या पाण्यावर सोलर विकताय आणि क्षाराचं नुकसान धरणार नाही म्हणताय? आमच्या बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही. बादलीच्या आत पांढरी कड धरते, नळाच्या जाळीला आठवड्याला व्हिनेगर लावावं लागतं. हे विकणाऱ्याला ठाऊक नव्हतं? तो याच गावचा, पाणीही हेच पितो. म्हणजे छत्री विकायची आणि वर लिहायचं, पावसात भिजल्यास जबाबदारी आमची नाही.

आणि खरी चीड इथं आहे. या टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. पाण्यातला जो काही गंज-झीज करणारा स्वभाव असतो तो ती कांडी स्वतःवर घेते, स्वतः झिजते आणि टाकीला वाचवते. पाणी जड असेल तर ती लवकर संपते, मग दर एक-दोन वर्षांनी बघून बदलायची. काही शे रुपयांची वस्तू. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, धातूंची क्रियाशीलता फळ्यावर खडूनं लिहून लिहून खांदा दुखायला लागला, पण आपल्या डोक्यावर गच्चीत अशी कांडी आहे हे मला पाच वर्षांत कुणी सांगितलं नाही. सर्व्हिसिंगला पोरगा यायचा, नळ्यांवरून ओलं फडकं फिरवायचा, पाचशे रुपये घ्यायचा आणि म्हणायचा, “एकदम ओके हाय मॅडम.” परवा टाकी उतरवल्यावर ती कांडी बघितली. तार उरली होती. नुसती तार.

मग नवीन टाकी. दुकानात विचारलं तेव्हा किंमत 31 हजार. म्हटलं ठीक आहे, पेन्शनमधून काढू. इथून पुढं ‘वेगळं’ या शब्दाचा खेळ सुरू झाला. फिटिंग वेगळं. स्टँड वेगळा, कारण जुना स्टँड गंजलाय आणि नव्या टाकीची भोकं त्याला जुळत नाहीत. वर चढवायचं वेगळं. जुनं उतरवायचं वेगळं. पाईप वेगळा, कोपरे वेगळे, माणसं वेगळी. एकच गोष्ट वेगळी नव्हती, ती म्हणजे जुनी टाकी. ती “भंगारात कोण घेतंय मॅडम, आमीच न्हेतो टाकायला” म्हणून फुकट टेम्पोत गेली. स्टीलची टाकी! आमच्या गल्लीत भंगारवाला लोखंडाच्या खिळ्यालाही भाव देतो.

नवीन टाकी येईपर्यंत काय करायचं, यावर सल्ले द्यायला मात्र अख्खी गल्ली मोकळी. एक जण म्हणाला, जुन्याच टाकीत कॉईल आहे ना, ती चालू करा. गळक्या टाकीत. बरं, गळत नसती तरी हिशोब बघा. 200 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांवर न्यायचं तर नऊच्या वर युनिट लागतात, आणि 2 किलोवॅटची कॉईल त्याला साडेचार तास घेते. म्हणजे सकाळी सातला आंघोळ हवी तर रात्री अडीचला उठून बटण दाबायचं. दुसऱ्यानं गॅस गिझर सुचवला, स्वस्त आहे, पाच मिनिटांत बसतो. आमच्या न्हाणीला एक वीतभर झरोका आहे, तोही सासूबाई थंडी वाजते म्हणून कापडानं बुजवतात. बंद न्हाणीत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस बसल्या जागी जातो. हे मी दुकानदाराला सांगितलं तर तो म्हणतो, “दार जरा उघडं ठेवून आंघोळ करायची.” घरात मोठे दीर राहायला आलेत, दार उघडं ठेवते आता!

राहिला विजेचा छोटा गिझर, 3 किलोवॅटचा, लगेच गरम करणारा. वायरमन आला. वर बघितलं. च्च. “हे वायरिंग कुणी केलंय वो?” 3 किलोवॅट म्हणजे 13 अँपियर, न्हाणीपर्यंत आलेली वायर बारीक, दिव्याच्या लाईनवरून ओढलेली, अर्थिंगची तार बोर्डात नुसती गुंडाळून ठेवलेली, कुठंच जोडलेली नाही. म्हणजे पाच वर्षं आम्ही त्या बोर्डावर ओल्या हातानं बटणं दाबत होतो. या माणसाला मी बोलले नाही, त्याचं म्हणणं खरं होतं. मीटरपासून नवीन जाड वायर ओढायची, शॉक बसायच्या आत वीज तोडणारा आरसीसीबी बसवायचा, 11 हजार. मी म्हटलं, पातेलं बरं.

आता मुख्य कारागीर, आमचे प्लंबर. यांची गाठ पडणं म्हणजे विठोबाचं दर्शन, फक्त इथं रांगेला शेवट असतो याची खात्री नाही. सोमवारी येतो म्हणाले, गुरुवारी फोन उचलला. “आलो की मॅडम, इश्रामबागेतच हाय.” विश्रामबागेतून शामरावनगरला यायला त्यांना दोन दिवस लागले. मधे तासगावला कुणाच्या तरी बागेत ठिबकचं काम निघालं, द्राक्षाचा सीझन, बागायतदार रोख देतो, आमचं काय. मी कुठलीही शंका काढली की एकच उत्तर, “व्हतंय की!” पाईप उतारावर बसेल ना? व्हतंय की. फरशी न फोडता जमेल ना? व्हतंय की. सांगलीच्या माणसाला दुसरं उत्तर माहीत नाही, आणि आम्हीही त्यावर विश्वास ठेवतो, हा आमचा दोष.

तर ते आले, गच्चीवर गेले, गरम पाण्याची लाईन बघितली. पाईप दोन क्लॅम्पच्या मधे झोळीसारखा लोंबत होता. च्च. “मॅडम, हे कुणी केलंय वो? गरम पाण्याला पांढरा पाईप घातलाय! ह्यो गार पाण्याचा. गरमला सीपीव्हीसी लागतो, त्यो पिवळट. ह्यो वाकनारच की!” बरोबर बोलत होते. सीपीव्हीसी 90 अंशांपर्यंत टिकतो, पांढरा पाईप 60 च्या पुढं मऊ पडतो, आणि एप्रिलमध्ये आमच्या सोलरचं पाणी हात लावू देत नाही. सगळी उभी लाईन बदलायला हवी, म्हणजे न्हाणीची भिंत फोडायला हवी. मी काही बोलले नाही. त्यांना जिन्याच्या दाराशी घेऊन गेले. दाराच्या मागं एक स्टिकर आहे, 2019 चा. त्यावर यांचंच नाव, यांचाच मोबाईल नंबर, खाली ‘सर्व प्रकारची प्लंबिंग कामे खात्रीशीर केली जातील’. त्यांनी स्टिकर वाचला, आपलंच नाव पहिल्यांदा बघत असल्यासारखा. मग म्हणाले, “तवा पोरगं हुतं माझ्याकडं कामाला, त्यानं केलं असंल.” पोरगं! दर वेळी एक पोरगं असतं आणि ते सोडून गेलेलं असतं.

भिंत फुटली. टाईल्स मेल्या, आणि ते डिझाईन आता बंद झालंय, हे सांगायला नकोच. आता न्हाणीत निळ्या वेलबुट्टीच्या मधून वरपासून खालपर्यंत एक करडा पट्टा जातो, अंगावर नाडी सुटल्यासारखा. गिलावा काढल्यावर आतून ओली वीट निघाली. पुराचं पाणी उतरलं तरी त्यातले क्षार भिंतीत राहतात, दर पावसाळ्यात ओल घेतात आणि रंगाचे पोपडे फेकतात. 2021 ला पुन्हा पाणी आलं, पुन्हा तेच. त्यात आमची काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि घराला खालून हलवते. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरकी चीर मी गेली बारा वर्षं दर दिवाळीला पुट्टीनं भरते. ती दर मे महिन्यात परत येते, माहेरवाशिणीसारखी. आयर्विन पूल 1929 सालचा, नदीत उभा आहे अजून. आणि आमच्या न्हाणीतला एल्बो पाच वर्षं टिकत नाही.

एक मात्र अगदी डोक्यात जातं. काही विचारायचं झालं की हे लोक माझ्या डोक्यावरून मागं बघतात. “साहेब हायत का?” आमचे साहेब बँकेत होते. नळ कुठल्या बाजूला फिरवल्यावर बंद होतो हे त्यांना अजून दोनदा करून बघावं लागतं. पाईपचा व्यास, उतार, कॉईलचे किलोवॅट मी सांगते, ते ऐकून प्लंबर साहेबांना विचारतो, “मग काय करायचं साहेब?” साहेब माझ्याकडं बघतात. मी परत तेच सांगते. प्लंबर साहेबांना म्हणतो, “बरोबर बोलला तुमी.” चार कप चहा मात्र माझ्याकडंच मागतात, आणि त्यातला एक बिनसाखरेचा.

31 हजारांचं काम 60 हजारांच्या पुढं गेलं. रंग अजून व्हायचाय. रंगारी परवा येऊन बघून गेला आणि त्यानं काय विचारलं ते मी लिहीत नाही.

काल संध्याकाळी सगळं जोडून झालं. प्लंबरनी नारळ मागितला, फोडला, खोबरं वाटलं. आज सकाळी पहिल्यांदा चांगलं ऊन पडलं, अकराला मी न्हाणीत गेले, गरमचा नळ उघडला. गार. पाच मिनिटं सोडला. गारच. इतक्यात संडासातून सासूबाईंची हाक आली, घाबरलेली. जाऊन बघते तर फ्लश केल्यावर भांड्यातून वाफ येतेय. जेटलाही तेच, त्या बिचाऱ्या पोळल्या. गरम-गार एकत्र करणाऱ्या नवीन मिक्सर नळातून गरम लाईन गार लाईनीत मिसळतेय, मधे एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा वॉल्व्ह, घातलेलाच नाही. यासाठी मिक्सर काढायचा, म्हणजे तो करडा पट्टा परत फोडायचा.

फोन लावला. पहिल्यांदाच पहिल्या रिंगला उचलला.

“संडासात गरम पाणी येतंय आणि न्हाणीत गार.”

“आँ? असं कसं हुईल? मॅडम, साहेब हायत का?”