डोक्यातल्या चिपच्या मेसेजबद्दल खुलासा

‘मिरजेत डोक्यात चिप बसवून लकव्याचे पेशंट बोलू-चालू लागतात, नोंदणीला आगाऊ पैसे भरा’ हा मेसेज सांगली-मिरजेच्या ग्रुपवर फिरतोय. तो खरा नाही. माझ्या काकांना बोलता येत नाही, त्यांच्या मेंदूविकारतज्ज्ञांना मी स्वतः विचारलं. इथे अशी शस्त्रक्रिया होत नाही.

तंत्र मात्र खरं आहे. बोलायचा नुसता प्रयत्न केला तरी मेंदूत विद्युत संकेत उमटतात. आत बसवलेले बारीक इलेक्ट्रोड ते टिपतात आणि संगणक त्यांचे शब्द करतो. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या 2023 च्या प्रयोगात एएलएस (स्नायूंवरचा ताबा हळूहळू जाणारा मज्जातंतूंचा आजार) झालेल्या एका बाईंचे मिनिटाला 62 शब्द असे पडद्यावर आले, त्यातला साधारण चारातला एक चुकीचा. पण हे मोजक्या पेशंटवरचे प्रयोग आहेत आणि त्यानं मूळ आजार बरा होत नाही.

आमच्या घरी काकू अक्षरांच्या तक्त्यावर बोट सरकवतात, ‘प’ आला की काका पापणी मिटतात, मग कळतं पाणी हवंय. हा मेसेज वाचून काकू पाटल्या मोडायला निघाल्या होत्या. म्हणून हात जोडून सांगते, तो पुढे पाठवू नका, पैसे भरू नका. आधीच पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.