पाच इंची की आठ इंची

घरी रेकॉर्डिंग करायचं म्हटलं की माणूस माईक घेतो, माईक कंप्युटरला जोडणारा डबा म्हणजे इंटरफेस घेतो, आणि मग कोणीतरी सांगतं की हेडफोनवर मिक्स, म्हणजे आवाजांचा तोल, करू नकोस रे, मॉनिटर घे. मॉनिटर म्हणजे स्पीकरच, फक्त याचं काम गाणं गोड ऐकवणं नाही, गाण्यातल्या चुका तोंडावर सांगणं, तेही कुठला सूर न फुगवता, न दाबता, यालाच फ्लॅट रिस्पॉन्स म्हणतात. आमच्या घरात या कामाला माणसं आहेत, तीही फुकट, पण त्यांचा रिस्पॉन्स फ्लॅट नाही.

"तो ब्लूटूथवाला आहे की चांगला," बायको म्हणाली. मी तिला यामाहाच्या एनएस-१० ची गोष्ट सांगितली, की १९७८ साली घरात गाणी ऐकायला म्हणून निघाला, घरात कुणाला फारसा आवडला नाही, स्टुडिओवाल्यांनी मात्र डोक्यावर घेतला, कारण याच्यावर बरं वाजलं की कुठेही बरं वाजतं असं सगळे म्हणायचे, आणि त्याचा ट्विटर, म्हणजे वरचे बारीक सूर काढणारा छोटा स्पीकर, कानाला इतका टोचायचा की लोक त्यावर टिश्यू पेपर लावून काम करायचे. २००१ मध्ये बंदही झाला. ती म्हणाली, "म्हणजे वाईट वाजतो म्हणून चांगला?" यावर काय बोलणार.

मग ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड. दुकानात एकाच फळीवर सगळे स्पीकर खांद्याला खांदा लावून, पिवळ्या कोनचे, पांढऱ्या कोनचे, वर पंखा गरगरतोय, बाहेर टेम्पोवाला हॉर्नवरचा हात काढत नाहीये, आणि अशात मी डोळे मिटून स्टिरिओ इमेज ऐकायची, म्हणजे कुठलं वाद्य डावीकडे, कुठलं उजवीकडे ते. दुकानदार प्रत्येक वेळी महागडी जोडी लावताना व्हॉल्यूम हळूच चढवायचा. मोठ्याने वाजलेलं कानाला चांगलंच वाटतं, बेस आणि वरचा झणका दोन्ही भरल्यासारखे लागतात, हे त्याला कुठल्याही पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. "दादा, फरक बघा," म्हणे. किंमत विचारली तर बरी वाटली. मग कळलं की ती एकाची. अरे, चपला कोणी एकेक विकतं का?

खरी मारामारी साइजची, म्हणजे स्पीकरचा मोठा कोन किती इंची त्याची. मनात आठ इंची बसले होते, कारण कागदावर यामाहाचा आठ इंची एचएस८ थेट ३८ हर्ट्झपर्यंत खाली उतरतो (हर्ट्झ जितके कमी, सूर तितका खालचा) आणि बिचारा पाच इंची एचएस५ ५४ ला थांबतो. पण आमची खोली दहा बाय दहा. दहा फुटांवर समोरासमोर भिंती असल्या की ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर त्यांच्यामध्ये अडकून बसतो, बरोब्बर मध्ये बसलात तर गायब आणि भिंतीला टेकलात तर नुसतं ढम्म ढम्म. म्हणजे आठ इंची घेऊन मी बेस ऐकवणार कुणाला, तर खालच्या मजल्यावरच्या काकांना, जे आधीच आमच्या मिक्सरवरून जिन्यात बोलत नाहीत. पाच इंची घेतले.

त्याचं पोर्ट, म्हणजे बेसची हवा बाहेर सोडणारं भोक, मागे, त्यामुळे भिंतीपासून लांब ठेवावा म्हणतात. आमच्याकडे भिंतीपासून लांब म्हणजे पलंगावर. शेवटी भिंतीशीच लावले आणि पाठीमागचा रूम कंट्रोल नावाचा स्विच उणे चारवर टाकला, तो खालचा भाग जरा दाबतो. ट्विटर कानाच्या उंचीला यावा म्हणून खाली दहावी-बारावीची गाइडं रचली. आयुष्यात पहिल्यांदा उपयोगी पडली ती.

मग स्वीप लावला, म्हणजे खालच्या सुरापासून वरपर्यंत एकच आवाज चढत जातो, कुठे काय फुगतंय ते कळतं. शेजारच्या काकूंनी दार उघडून विचारलं की गॅस लीकचा भोंगा आहे का. पण खालच्या एका सुराला नेमकं काहीतरी झर्रर्र करायचं, मी स्पीकर हलवला, टेबल दाबून धरलं, खिडकीची काच बघितली, स्टीलच्या मांडणीतले डबे एकेक करून धरून बघितले, काही नाही, झर्रर्र चालूच.

बसायचा एक ठोकताळा असतो, समोरच्या भिंतीपासून खोलीच्या ३८ टक्के अंतरावर. मोजलं. पावणेचार फूट. तिथे आईची खुर्ची, आणि आई मेथी निवडत बसलेली. उठ म्हणणार कोण? म्हणून मी बाजूला उभा राहून मिक्स लावला, आणि एक देठ खुडत ती म्हणाली, "ढोलकीची डावी बाजू कुठे गेली रे?" दोन डीबी, म्हणजे जराशी, वाढवली. "आता गाणारी दबली." कमी केली. "हां, आता बरं." तिला ना डीबी माहीत ना हर्ट्झ, पण सबंध घरात बेस खरा ऐकू येणारी ती एकच खुर्ची, तर करता काय, सध्या सगळं तिच्याकडूनच पास करून घेतो. लावणी असेल तर लवकर होतं, रॅप असलं की दोन जुड्या संपतात.

"आणि ते कपाट," ती मान वर न करता म्हणाली, "त्याला किल्ल्यांचा जुडगा लटकतोय, तो काढ आधी. मघापासून तोच वाजतोय."