'परखड' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर, जरा सविस्तर

'परखड' यांस,

पोस्टक्रॉसिंगवरच्या, म्हणजे एका संकेतस्थळावरून पत्ता घेऊन जगभरातल्या अनोळखी माणसांना पोस्टकार्डं पाठवण्याच्या छंदावरच्या, माझ्या लेखावर आपण लिहिलंत: "शेजारी कोण राहतं ठाऊक नसलेली माणसं फिनलंडच्या म्हातारीला कार्डं पाठवतात. रिकामटेकड्यांचे चोचले! अनोळखी माणसाला घरचा पत्ता देणं धोक्याचं, एवढंही लेखिकेला कळू नये?"

मतभेदाचं मला वावडं नाही. पण 'एवढंही कळू नये' हा सूर कशाला? नाव लपवून, फोटोच्या जागी सूर्यास्त लावून कुणी परखड होत नाही.

चोचल्यांचं थोडं मान्य. देशातलं साधं पोस्टकार्ड ५० पैशांत जातं; परदेशी कार्डाला तिकिटं बरीच लागतात, शिवाय चित्राचं कार्ड विकत घ्यायचं. फुकटचा छंद नाही हा. झालं समाधान?

आता शेजारी. आमच्या शेजारच्या आजोबांची औषधं मीच आणते, त्यांच्या घराची किल्ली आमच्याकडे असते. नाव माहीत आहे मला त्यांचं! पण बोलणं होतं ते टँकर, पार्किंग आणि मेंटेनन्सवर. मी सांगलीला वाड्यात वाढले. सगळी ओळखीची माणसं. मी कविता करते हे तिथे कुणाला सांगायची सोय नव्हती. संध्याकाळच्या आत आईच्या कानावर गेलं असतं, वर चेष्टा. ते मी सांगितलं अकोल्याच्या एका मुलीला. मासिकातल्या पत्रमैत्रीच्या पानावर तिचा पत्ता मिळाला होता. आम्ही कधी भेटलो नाही. वडील गेले तेव्हा घरात सगळे एकमेकांना सावरत होते, त्यामुळे कुणापुढे रडता येईना. मी तिला आठ पानी पत्र लिहिलं. तिला आमच्या घरातलं कुणी माहीत नव्हतं, म्हणूनच लिहू शकले. याला तुम्ही रिकामटेकडेपणा म्हणणार असाल तर खुशाल म्हणा, तुमच्याकडून दुसरी अपेक्षाही नाही.

आणि ती 'म्हातारी'! तिनं कार्डावर विचारलं होतं, तुमच्याकडे पावसाआधी मुंग्या घरात शिरतात का? इतक्या वर्षांत आमच्या बिल्डिंगमध्ये मला असलं काही कुणी विचारलेलं नाही.

धोक्याचं म्हणाल तर लेख नीट वाचा. पत्ते चव्हाट्यावर टांगलेले नसतात. आपण मागितला की कुणा एकाचा पत्ता आणि कार्डावर लिहायचा क्रमांक मिळतो. कार्ड पोचलं, त्यानं क्रमांक नोंदवला, की आपला पत्ता तिसऱ्याच कुणाकडे जातो. २००५ साली पोर्तुगालमधून सुरू झालेली ही पद्धत अजून चालू आहे. तुमचा पत्ता तर दर कुरियरवाल्याकडे असतो, त्याचं काय?

बाकीच्या मुद्द्यांना उत्तर द्यावंसं वाटत नाही. 'समोरासमोर बोलू' म्हणून शेवटी आपण माझा मोबाइल नंबर मागितला आहे. तो मी अनोळखी माणसांना देत नाही.