चौथा नंबर कुणाचा, ते आत्ताच ठरवा

५ मार्च २०१९. मी आणि माझा धाकटा भाऊ नागपूरला जामठ्याच्या स्टेडियमवर होतो. ऑस्ट्रेलियाला शेवटच्या ओव्हरमध्ये ११ हवे होते, स्टॉइनिस पन्नास करून उभा होता आणि कोहलीने बॉल दिला विजय शंकरच्या हातात. आमच्या पुढच्या रांगेतले एक काका "अरे देवा" म्हणत मटकन खाली बसले. पहिल्याच बॉलला स्टॉइनिस एलबीडब्ल्यू. तिसऱ्या बॉलला झॅम्पाची दांडी उडाली. आठ धावांनी मॅच आपली, आणि वनडेतला भारताचा पाचशेवा विजय. दुसऱ्या दिवशी दोघांचेही घसे बसलेले होते.

त्याच दुपारी आपला चौथ्या नंबरचा, म्हणजे दोन विकेट पडल्यावर येणारा बॅट्समन अंबाती रायुडू १८ धावांवर लायनला एलबीडब्ल्यू झाला होता. तो परत जात असताना भाऊ म्हणाला, "दादा, याचं वर्ल्ड कपचं तिकीट गेलं." मीही मान डोलावली. विजय शंकरने तर बॅटिंगमध्येही ४६ केल्या होत्या, त्याही रन आऊट होईपर्यंत अगदी सहज. रात्री वर्धा रोडवर गाड्यांच्या रांगेत अडकलो होतो, तेव्हा आम्ही गाडीतच निवड समितीची बैठक घेतली. रायुडू बाहेर, विजय शंकर आत.

दीड महिन्याच्या आत, १५ एप्रिलला, मुंबईत खऱ्या निवड समितीनेही तेच केलं. अध्यक्ष एम. एस. के. प्रसाद यांनी सांगितलं की विजय शंकर तीन पैलू देतो: बॅटिंग, बॉलिंग आणि फिल्डिंग. मला तेव्हा ते पटलं होतं. आज सात वर्षं होत आली, आणि मी चुकलो होतो हे मला मोकळेपणाने लिहायचं आहे. कारण तीच चूक पुन्हा होण्याची वेळ आली आहे.

आम्ही दोघं त्या रात्री एक गोष्ट विसरलो होतो. जामठ्याच्या बरोबर एक महिना आधी, ३ फेब्रुवारीला, वेलिंग्टनमध्ये न्यूझीलंडविरुद्ध भारताची अवस्था ४ बाद १८ होती. रोहित, धवन, गिल, धोनी सगळे तंबूत. समोर मॅट हेन्री आणि ट्रेंट बोल्ट, बॉल दोन्ही बाजूंना हलतोय. तिथे रायुडूने ११३ बॉल खेळून ९० काढल्या. विजय शंकरसोबत ९८ ची भागीदारी केली, हो, त्याच विजय शंकरसोबत. भारत २५२ पर्यंत पोचला आणि ३५ धावांनी जिंकला. ती मॅच मी पाहिली होती. रविवार होता, आई चहा ठेवून हाका मारत होती आणि मी टीव्हीसमोरून हलत नव्हतो. तरीही जामठ्याच्या एका ओव्हरने ती डोक्यातून पुसली गेली.

आता १० जुलै आठवा. मँचेस्टर, वर्ल्ड कपच्या सेमीफायनलचा राखीव दिवस. रोहित १, राहुल १, कोहली १. कार्तिक गेला तेव्हा ४ बाद २४. समोर पुन्हा तेच हेन्री आणि बोल्ट, बॉल पुन्हा तसाच हलतोय. म्हणजे जो पेपर वेलिंग्टनला आला होता, तोच मँचेस्टरला आला, आणि तो आधी सोडवलेला माणूस आपण घरी ठेवला होता. आठवडाभरापूर्वी, ३ जुलैला, त्याने निवृत्तीही जाहीर केली होती. जडेजाने ५९ बॉलमध्ये ७७ मारून जीव ओतला, धोनी रन आऊट झाला, आणि १८ धावांनी आपण बाहेर पडलो.

रायुडू असता तर जिंकलोच असतो, असं मी म्हणत नाही. तेवढं खात्रीने कुणीच सांगू शकत नाही. विजय शंकरवरही माझा राग नाही. त्याच्या पायाच्या अंगठ्याला लागलं आणि तो बिचारा अर्ध्यातून परतला. माझा राग त्या पद्धतीवर आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये रायुडूने ब्रेबॉर्नवर वेस्ट इंडिजविरुद्ध शंभर काढल्या, तेव्हा खुद्द कर्णधार कोहली म्हणाला होता की वर्ल्ड कपपर्यंत याला पाठबळ द्यायला हवं. मग ऑस्ट्रेलियाविरुद्ध मायदेशात १३, १८ आणि २, असे तीन डाव वाईट गेले आणि पाठबळ संपलं. वनडेतली त्याची सरासरी ४७ ची होती. आणि त्याची जागा तरी कुणी नीट घेतली का? त्या एका वर्ल्ड कपमध्ये आपण चौथ्या नंबरवर राहुल, पंड्या, विजय शंकर आणि पंत असे चार जण खेळवले. पंत तर मूळ पंधरा जणांच्या संघात नव्हताच.

फॉर्म ही खरी गोष्ट आहे, ती मी नाकारत नाही. पण चौथ्या नंबरच्या माणसाचा फॉर्म ओपनरसारखा मोजता येत नाही. ओपनरला रोज कोरी पाटी मिळते. चौथा कधी २ बाद १० ला येतो, कधी २ बाद २२० ला. एका दिवशी त्याने चाळीस बॉल नुसते सोडायचे असतात, दुसऱ्या दिवशी पहिल्याच बॉलपासून हाणायचं असतं. अशा माणसाचे तीन डाव बघून तुम्ही काय ठरवणार? आणि युवराजचं काय? २०१० च्या आशिया कपसाठी त्याला वगळलं होतं. पुढच्याच वर्षी तो वर्ल्ड कपचा मालिकावीर झाला.

२०२३ मध्ये आपण हे शिकलो होतो, म्हणून तर जास्त वाईट वाटतं. श्रेयस अय्यर पाठीचं ऑपरेशन करून आलेला, मॅचचा सराव नावापुरता. वर्ल्ड कपच्या पहिल्या मॅचला शून्य. लखनौला इंग्लंडविरुद्ध ४ वर आऊट झाला तेव्हा सहा डावांत मिळून १३४ धावा होत्या. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर सगळे एका सुरात "श्रेयसला बसवा" म्हणत होते. कर्णधार रोहित आणि प्रशिक्षक द्रविड यांनी नाही बसवलं. पुढचे चार डाव: ८२, ७७, नाबाद १२८, १०५. त्यातला शेवटचा वानखेडेवर, सेमीफायनलमध्ये, न्यूझीलंडविरुद्ध, ७० बॉलमध्ये. फायनल हरलो ते दुःख वेगळं आहे. पण चौथ्या नंबरचा प्रश्न त्या स्पर्धेत उरला नव्हता, कारण तो दोन खराब मॅचनंतर पुन्हा उघडला नाही.

आता २०२७ चा वर्ल्ड कप दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे आणि नामिबियात आहे. तिथे बॉल उसळणार, नवा बॉल त्रास देणार, आणि ४ बाद २४ पुन्हा कधीतरी येणारच. चौथा नंबर श्रेयसचा आहे, यात मला शंका नाही. पण सिडनीला कॅच घेताना त्याला झालेली दुखापत आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तो नसेल तेव्हा कोण?

डिसेंबर २०२५ मध्ये उत्तर मिळालं होतं. पुण्याच्या ऋतुराज गायकवाडला, बहुतेक ओपनिंगच केलेल्या मुलाला, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध चौथ्या नंबरवर पाठवलं. ३० नोव्हेंबरला रांचीत ८. मग ३ डिसेंबरला रायपूरला ८३ बॉलमध्ये १०५, कोहलीसोबत १९५ ची भागीदारी, वनडेतलं पहिलं शतक. मॅच हरलो, पण त्याचा डाव बघताना मला पहिल्यांदा वाटलं की मिळाला एकदाचा. आणि जानेवारीच्या न्यूझीलंड मालिकेचा संघ आला, तर त्यात त्याचं नावच नाही.

मी महाराष्ट्राचा आहे म्हणून ऋतुराजची बाजू घेतो, असं काही जण म्हणतील. म्हणू देत. श्रेयस खेळत असेल तेव्हा अकरामधली जागा श्रेयसचीच, हे मी वर लिहिलंच आहे. माझं मागणं पंधराचं आहे. रायपूरच्या शतकाची शाई वाळायच्या आत ज्याला घरी पाठवलं, तो दीड वर्षाने अचानक बोलावल्यावर कुठल्या भरवशावर उभा राहील?

अजित आगरकर आणि त्यांच्या निवड समितीला माझी कळकळीची विनंती आहे. ऋतुराजला आत्ताच बोलवून सांगा की श्रेयसनंतर तू. श्रेयसला विश्रांती द्याल त्या प्रत्येक वनडेत त्याला चौथ्यालाच पाठवा, ओपनिंगला नको, तिसऱ्याला नको. आणि त्यात त्याच्या १३, १८ आणि २ झाल्या, तरी चौथ्या मॅचला त्यालाच पाठवा.