चहा-चिवड्याची मंडळी : एका प्रतिक्रियेला उत्तर

सलाम.

शनिवारी संध्याकाळी आमच्या घरी जमणाऱ्या प्रार्थनेबद्दल मी लिहिलं होतं. त्यावर 'एक जुना सभासद' या नावाने भलीमोठी प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मंडळी (म्हणजे आपलं चर्च) सोडून घरोघरी जमणं हे अमेरिकेतून आलेलं फॅड आहे. पाळकाशिवाय प्रभुभोजन (भाकर-द्राक्षारसाचा विधी) होत नाही. तुमच्यावर देखरेख कोणाची? चर्च ऑफ नॉर्थ इंडिया कधी झालं हेही बाईंना धड माहीत नाही. आणि शेवटचं वाक्य असं : "चहा-चिवडा खायला जमणाऱ्यांना मंडळी म्हणत नाहीत, पोरी. घरात मयत झाली की कळेल."

तारखेचं आधी मिटवून टाकते. मी १९७१ लिहिलं होतं, बरोबर तारीख २९ नोव्हेंबर १९७०. सहा पंथ एकत्र येऊन हे चर्च झालं ते आपल्याच सदर भागातल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये, त्यामुळे नागपूरकराने तरी ती चुकवू नये. मान्य. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे. पण एक आकडा दुरुस्त करायला "शब्बाथ शाळेत लक्ष दिलं असतं तर" हे शेपूट कशाला? आणि 'पोरी'? काका (काकाच असाल असं धरते), माझ्या मुलाचं लग्न झालंय. मंडळीच्या मीटिंगमध्ये बाईमाणूस बोलायला उभी राहिली की हाच सूर लागतो, तो मी लहानपणापासून ऐकत आलेय.

आता मयतीचं. एवढं एक वाक्य तुम्ही लिहिलं नसतं, तर मी उत्तर द्यायला बसलेच नसते.

माझे बाबा रेल्वेत होते, अजनीला. ड्यूटी नसेल त्या रविवारी उपासनेत पेटी तेच वाजवायचे. शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळले. त्या काळात आमच्याकडून वर्गणी भरायची राहिली, कारण घरात औषधांच्या बिलांपुढे दुसरं काही सुचत नव्हतं. ते रात्री गेले. सकाळी कमिटीचे एक गृहस्थ आले. आतल्या खोलीत बाबांना बर्फावर ठेवलेलं. हे बाहेर जेवणाच्या टेबलाशी बसले, चष्मा लावला, रजिस्टर उघडलं आणि बोट फिरवत फिरवत बाबांच्या नावाशी थांबले. "बाकी दिसते ताई. तेवढं क्लिअर करून घ्या, मग कब्रस्तानातल्या जागेचं बोलू." मी आईच्या कपाटातून पैसे काढून दिले. त्यांनी पानाखाली कार्बन सरकवला, पावती लिहिली आणि छिद्रांच्या रेघेवर बरोब्बर फाडून माझ्या हातात ठेवली. मग म्हणाले, "प्रभू तुम्हाला शांती देवो."

पाळकसाहेब दुपारी आले, दफनविधी त्यांनी चांगला केला, खोटं कशाला बोलू. पण बाबांना आंघोळ कोणी घातली? शेजारच्या काकूंचा मुलगा आणि गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एक रिटायर्ड नर्सबाई यांनी. त्या मुलाचा बाप्तिस्मा झालेला नाही, होणारही नाही. रात्रभर तो आमच्या दारात खुर्ची टाकून बसला होता. सकाळी शवपेटी आणायला टेम्पो घेऊन गेला तोही तोच. नर्सबाई पुढे आठवडाभर रोज यायच्या, आईजवळ बसून स्तोत्र वाचायच्या. आठवड्याने म्हणाल्या, "आता शनिवारी माझ्या घरी ये, तिथेच वाचू. एकटी काऊन बसतेस?"

काका, तुम्ही ज्या मयतीची धमकी देताय ना, आमची बैठक तिथूनच सुरू झाली. खांदा कोण देतं हे आम्हाला कळून चुकलं होतं, म्हणूनच आम्ही जमायला लागलो.

राहिला चिवडा. असतो. नागपुरात चार माणसं जमली आणि कोणी काही खाल्लं नाही, असं होतं का कुठे? कधी तर्री-पोहेही असतात. पण त्याआधी तासभर खंजिरीवर रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं होतात, शुभवर्तमानाचा एक उतारा वाचतो, थोडा वेळ कोणीच बोलत नाही, आणि मग एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना होते. नाव घेऊन म्हणजे कारणासकट : कोणाची बायोप्सी, कोणाचा पोरगा दारू पितो, कोणाचं घरभाडं थकलंय. पुढच्या शनिवारी त्याचं काय झालं ते विचारलं जातं. माझ्या जुन्या मंडळीत तिसऱ्या बाकावर इतकी वर्षं बसले, मागच्या बाकावरच्या बाईंना कॅन्सर आहे हे मला त्यांच्या दफनाच्या सूचनेतून कळलं.

'अमेरिकेतलं फॅड' म्हणताना तुम्ही रेव्हरंड टिळकांना विसरलात. याच माणसाने १९१७ मध्ये अमेरिकन मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' भरवला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, येशूला मानणारे सगळे तिथे चालायचे. फॅड असलंच तर ते शंभर वर्षांहून जुनं आणि अस्सल मराठी आहे. टिळकांची भजनं उपासनेत म्हणायची आणि त्यांच्या दरबाराचं नाव निघालं की घसा खाकरायचा, हे कसं?

आणि मिशनरी स्टीफन हिस्लॉप? १८४५ मध्ये ते नागपुरात आले ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चतर्फे. हे फ्री चर्च आलं कुठून? मंडळीला नको असलेला पाळक जमीनदाराने लादायचा, या भांडणावरून १८४३ मध्ये साडेचारशेच्या वर पाळक तिथल्या राजमान्य चर्चमधून उठून बाहेर पडले. पगार गेले, राहती घरं गेली. धान्याच्या कोठारांत आणि उघड्या माळावर उपासना चालायच्या. म्हणजे ज्यांच्या नावाचं कॉलेज आपण अभिमानाने दाखवतो, ते बाहेर पडलेल्यांचेच प्रतिनिधी होते. त्यांनी लगेच नव्या इमारती बांधल्या, हे तुम्ही सांगणार. सांगा.

बाकीचे मुद्दे नेहमीचेच आहेत. प्रभुभोजन आम्ही करत नाही. ज्यांना घ्यायचं असतं ते रविवारी आपापल्या मंडळीत जातात, आम्ही कोणाला अडवलेलं नाही. इब्रीकरांस पत्रातलं एकत्र जमणं न सोडण्याबद्दलचं वचन तुम्ही मोठ्या अक्षरांत टाकलंय. अहो, जमतोच आहोत की! देखरेखीबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन. रजिस्टरवरची देखरेख मी जवळून पाहिली आहे, सध्या तेवढी पुरे.

"हिंमत असेल तर मंडळीचं नाव सांगा," असंही तुम्ही लिहिलंय. नाही सांगणार. आई अजून तिथेच जाते, आणि तिची वर्गणी मी दर महिन्याला वेळेवर भरते.

या ब्लॉगवर माझं नाव आहे, फोटो आहे. तुमचं मात्र 'एक जुना सभासद'. पुढची प्रतिक्रिया खऱ्या नावाने आली तरच छापीन.