फायटिंग फँटसी: वरनं खाली नाही, खालनं वर

'फायटिंग फँटसी' मालिकेतल्या पुस्तकांच्या माझ्या यादीत 'डेथट्रॅप डंजन' सातवं आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना चिडायचंय त्यांनी चिडून घ्यावं आणि मग पुढं वाचावं.

मागं शाळेच्या ग्रुपवर या पुस्तकांचा नुसता विषय निघाला आणि अर्धी बॅच जागी झाली. प्रत्येकाचं आवडतं पुस्तक वेगळं आणि कारण मात्र सगळ्यांचं एकच, 'मी ते पहिल्यांदा वाचलं होतं.' याला काय क्रमवारी म्हणायचं व्हय? म्हणून ही माझी, कारणांसकट.

ज्यांना ही भानगडच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ही पुस्तकं वाचायची कमी आणि खेळायची जास्त. गोष्टीचा नायक 'तुम्ही' असता. अख्खी गोष्ट साधारण चारशे तुकड्यांत कापून, तुकडे उलटसुलट करून छापलेली असते. तुकड्याच्या शेवटी विचारतात की डावीकडचं दार उघडणार असाल तर अमुक क्रमांकावर जा, सरळ जाणार असाल तर तमुक. जवळ दोन फासे, एक पेन्सिल आणि खोडरबर पाहिजे. स्टीव्ह जॅक्सन आणि इयान लिव्हिंगस्टन या दोघा इंग्रजांनी १९८२ साली पहिलं पुस्तक लिहिलं, पफिननं छापलं आणि १९९५ पर्यंत मूळ मालिका ५९ पुस्तकांवर गेली.

आमच्या लहानपणी कोल्हापुरात ही नवी कोरी मिळाल्याचं मला आठवत नाही. बदली होऊन आलेल्या कुणाच्या तरी घरातनं ती रद्दीत जायची आणि लक्ष्मीपुरीतल्या रद्दीवाल्याकडनं आमच्याकडं यायची. ढिगात या मालिकेचा हिरवा कणा दिसला की हात आधी घालायचा, किंमत नंतर विचारायची. सुरुवातीला आपले आकडे लिहायचा एक तक्ता असतो. त्यात आधीच्या मालकानं पेन्सिलीनं लिहिलेलं असायचं: स्किल (लढायचं कौशल्य) १२, स्टॅमिना (अंगातला जीव) २४, लक (नशीब) १२. म्हणजे बाळानं चार वेळा फासा टाकला आणि चारही वेळा सहाच पडले. दुसऱ्या प्रतीत बघावं, तिथंही तेच. स्किल ८ घेऊन गुहेत शिरलेला पोरगा या शहरात जन्मलाच नाही बहुतेक.

पण पोरं अशी का वागत होती, ते समजून घेण्यासारखं आहे. स्किल ठरतं एका फाशावर, त्यात सहा मिळवायचे. लढाईत दोघांनी दोन-दोन फासे टाकायचे, आपापलं स्किल त्यात मिळवायचं. ज्याची बेरीज मोठी त्याचा वार लागला, समोरच्याचा स्टॅमिना दोननं कमी. ऐकायला सरळ वाटतं. आता 'डेथट्रॅप डंजन'मधला ब्लडबीस्ट नावाचा राक्षस घ्या. त्याचं स्किल १२. तुमच्या नशिबी पहिल्याच फाशाला एक आला आणि स्किल ७ झालं, तर शंभरातल्या जेमतेम पाच फेऱ्या तुम्ही जिंकणार आणि नव्वद हरणार. पुस्तक उघडायच्या आधीच तुमचा निकाल लागलेला. मग पेन्सिलीनं १२ लिहिलं तर लिहिलं.

माझी कसोटी यातनंच आली. या पुस्तकांत मरण ठरलेलंच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण ते मरण पटलं पाहिजे. खासबागेत चीत झालेला पैलवान उठून अंगावरची माती झाडतो, तेव्हा आपण ढाकेवर गेलो का एकेरी पटावर, हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. तसं मेल्यावर मला कळलं पाहिजे की मी कुठं चुकले. जे पुस्तक हे सांगतं ते वर. जे नुसतं 'तुमचा प्रवास इथं संपला' म्हणून मोकळं होतं, ते खाली. आणि ५९ मला काय करायचीत, जी पुन्हापुन्हा खेळले त्यातली दहाच इथं घेतलीत.

तळाला 'स्टारशिप ट्रॅव्हलर'. अंतराळयान, तुम्ही कॅप्टन, कृष्णविवरातनं पलीकडं जाऊन पडता आणि घरी परतायची वाट शोधता. कल्पना झकास आहे, पण ग्रह येतात आणि जातात, कशाचा कशाला मेळ नाही. तुकडेही ३४३च. पुढं.

नववं 'फॉरेस्ट ऑफ डूम'. डार्कवुडच्या जंगलातनं बुटक्यांच्या हरवलेल्या हातोड्याचे दोन भाग शोधायचे, डोकं आणि दांडा. जंगलात शिरण्याआधी यॅझट्रोमो नावाचा म्हातारा जादूगार त्याच्या मनोऱ्यात चीजवस्तू विकतो आणि कुठली घ्यावी यावर दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. पुस्तकातला तोच सगळ्यात चांगला भाग. एक गोष्ट मात्र कबूल करायला पाहिजे. हातोडा न मिळता तुम्ही जंगलाबाहेर आलात, तर हे पुस्तक तुम्हाला मारत नाही. वळसा घालून परत जा आणि नव्यानं शोधा म्हणतं. दिलदार आहे, पण थरार कमी.

आठवं 'स्कॉर्पियन स्वॉम्प'. हे लिहिणारा स्टीव्ह जॅक्सन वेगळा, अमेरिकन, नाव तेच. यात आल्या वाटेनं परत जाता येतं, त्यामुळं वहीत दलदलीचा खराखुरा नकाशा निघतो. काम तिघांपैकी कुणाचं घ्यायचं तेही तुम्हीच ठरवायचं, चांगल्याचं, वाइटाचं का मधल्याचं. नकाशाची आवड असेल त्यांनी याला दोन नंबर वर ढकलावं, माझी हरकत नाही.

आता सातवं. 'डेथट्रॅप डंजन', १९८४, लिव्हिंगस्टनचं. फँग गावचा बॅरन सुकुमवित दरवर्षी १ मे रोजी आपल्या भुयारात माणसं सोडतो. जो जिवंत बाहेर येईल त्याला दहा हजार सोन्याची नाणी. यातली नावं थायलंडची आहेत. लिव्हिंगस्टन तिकडं फिरून आला होता आणि बँकॉकच्या सुकुमवित रस्त्याचं नाव त्यानं सरळ बॅरनला देऊन टाकलं. इयान मॅकेगचं मुखपृष्ठ म्हणजे आमच्या पिढीतल्या अनेकांच्या स्वप्नात आलेला राक्षस. हे सगळं मान्य. वातावरण, वेग, सापळे, सगळ्यात दहापैकी नऊ.

आणि थ्रॉम आहे. तोही तुमच्यासारखाच स्पर्धक, आडदांड, पण वाटेत तुमच्याशी दोस्ती करतो. थोडं अंतर बरोबर चालता आणि मग एक बुटका परीक्षक तुम्हा दोघांना एकमेकांशीच लढायला लावतो. हे मी माझ्या भाच्याकडनं खेळून घेतलं, म्हणजे भावाच्या पोराकडनं. पोरगं वय वर्षं अकरा, मोबाइलवर दिवसाला शेकड्यानं माणसं मारतंय. इथं फासे हातात घेऊन थांबला. म्हणाला, "आत्या, ह्याला कशाला मारायचं? हा आपल्यासंगं आला हाय की." मी म्हटलं, पुस्तकात दुसरा पर्याय नाही. त्यानं पान मागं उलटून पुढचं-मागचं सगळं चाचपून बघितलं, पळून जायला कुठं वाट आहे का म्हणून. अशी एखादी जागा ज्या पुस्तकात आहे ते वाईट कसं म्हणायचं?

वाईट नाहीच. पण अन्यायी आहे. शेवटी दाराशी तीन रत्नं लागतात, पाचू, नीलमणी आणि हिरा. तिन्ही पाहिजेत आणि बरोबर क्रमानं लावता आली पाहिजेत. त्यातलं एक जरी तुम्ही मागं कुठं तरी, एखादा कोपरा न बघता सोडलं असेल, तर तुम्ही तिथंच मेलात. फक्त ते तुम्हाला कळतं शेवटी, ब्लडबीस्टला लोळवून घामाघूम झाल्यावर. मधली सगळी दारं, सगळी लढाई फुकट. हा मुडद्याचा प्रवास झाला. आणि कुठली चूक नडली ते पुस्तक सांगत नाही, कारण ती चूक नव्हतीच. तुम्ही फक्त एक कोपरा बघितला नाही. म्हणून सातवं. आता भांडा.

सहावं 'वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन', पहिलं पुस्तक. मान म्हणून वर ठेवायची माझी पद्धत नाही. यात नदीच्या अलीकडचा भाग लिव्हिंगस्टननं आणि पलीकडचा जॅक्सननं लिहिला आणि हा जोड खेळताना बोटाला लागतो. नदी ओलांडली की मन कावून जावं असा चक्रव्यूह आहे, तिथं माणूस कंटाळून पुस्तक मिटतो. पण शेवट पक्का. झागोर, म्हणजे तो वॉरलॉक जादूगार, मेला, समोर पेटी आणि ती उघडायला किल्ल्या लागतात. किल्ल्यांवर आकडे कोरलेत, त्यांची बेरीज करून त्या क्रमांकावर जायचं. किल्ल्याच नसतील तर तुम्ही त्या पेटीवर बसून रडता, असं पुस्तकात लिहिलंय. रडायला लावणारा शेवट, तोही शत्रू मेल्यानंतर! ही गंमत १९८२ साली सुचली याला दाद द्यायलाच पाहिजे.

पाचवं 'हाऊस ऑफ हेल'. तलवारी-बिलवारी नाहीत, आजच्या काळातली गोष्ट. रात्री धो धो पावसात गाडी बंद पडते आणि तुम्ही मदत मागायला एका बंगल्यात जाता. जुलैत गगनबावड्याच्या घाटात ज्यांची गाडी बंद पडली असेल त्यांना वेगळं वर्णन नको. हातात शस्त्र नाही म्हणून स्किल आधीच कमी आणि वर एक 'फिअर'चा आकडा. दचकलात की तो वाढतो आणि हद्द गाठली की तुम्ही भीतीनंच मरता. यजमान जेवायला बसवतो आणि ताटात काय घ्यायचं ते विचारतो. पाहुणचाराची एवढी धास्ती मला दुसऱ्या कुठल्या पुस्तकानं घातलेली नाही. खरी वाट इतकी अरुंद आहे की 'डेथट्रॅप'चे सगळे आरोप इथंही लागू होतात. तरी दोन पायऱ्या वर, कारण इथं मरणसुद्धा रंगतं.

चौथ्या नंबरावर मला स्वतःशीच भांडावं लागलं. 'सिटी ऑफ थीव्ज', पोर्ट ब्लॅकसँड. मालिकेतलं सगळ्यात जिवंत गाव, प्रत्येक दारामागं कुणी तरी लबाड. झानबार बोन या खलनायकाला मारायचं तर साहित्याची यादीच आहे: कपाळावर युनिकॉर्नचं गोंदण, चांदीचा बाण, चेटकिणीचे केस, काळा मोती, कमळाचं फूल. गावभर हिंडून, फसवणूक सोसून तुम्ही ते जमवता. मॅकेगची चित्रं आतही आहेत. यानंच पुढं 'स्टार वॉर्स'साठी डार्थ मॉलचा चेहरा घडवला, त्यामुळं ती अंगावर येतात यात नवल नाही. आणि मग, सगळं जमल्यावर, ही यादी देणाऱ्या जादूगार निकोडेमसबाबांचा निरोप येतो: चूक झाली, केस, मोती आणि फूल या तिन्हीतली दोनच वापरायची. कुठली दोन? तुम्हीच ठरवा. अहो, ठरवा काय? ही सरळ लॉटरी झाली. एवढं देखणं गाव बांधून वेशीत माणूस मारायचा. लिव्हिंगस्टनसाहेबांना हे सुचलं त्या दिवशी कुणी तरी चहाला बोलवायला पाहिजे होतं.

तिसरं 'क्रिएचर ऑफ हॅवॉक', जॅक्सनचं, १९८६, ४६० तुकडे. माझ्या कसोटीवर हे खरं तर तळाला जायला पाहिजे, इतकं ते निर्दय आहे. पण इथं 'तुम्ही' म्हणजेच राक्षस. आपण कोण, कुठले, काही आठवत नाही. सुरुवातीला तुमचा निर्णयसुद्धा तुमचा नाही, फासा टाकायचा आणि तो सांगेल तिकडं जायचं, कारण जनावराला कसला आलाय विचार? माणसं बोलतात ती अक्षरांची खिचडी दिसते. पुढं ती सोडवायची युक्ती हाती लागते आणि मागचं पान उलटून बघितलं की तेव्हा ते काय सांगत होते ते वाचता येतं. मी हे वाचलं त्या दिवशी रात्रीचं जेवण गार झालं. जे काही सोसावं लागतं ते का सोसावं लागलं, याचं उत्तर हे पुस्तक शेवटी देतं. म्हणून माफ.

दुसरं 'सिटाडेल ऑफ केऑस', १९८३. पुष्कळ जणांना हे साधं वाटतं. मला हे मालिकेतलं सगळ्यात न्यायी पुस्तक वाटतं. तुम्ही शिकाऊ जादूगार. बारा प्रकारचे मंत्र आहेत, निघताना किती न्यायचे ते फासे सांगतात, पण कुठले न्यायचे ते तुम्हीच ठरवायचं. तोलून घेतलेत तर स्किल ७ वाला पोरगाही खलनायक बाल्थस डायरपर्यंत पोचतो आणि समोरासमोरच्या मुकाबल्यात डोक्यानं जिंकू शकतो. मेलात तर कळतं: हवेत तरंगायचा मंत्र मघाशी उगाच उधळला. तुमचीच चूक, फाशाकडं बोट दाखवायची सोय नाही. आणि अंधारात नुसते चेहरे दिसणारे ते गांजीज, त्यांच्यासाठी एक मार्क जादा.

पहिलं 'सॉर्सरी!'. चार पुस्तकांची गोष्ट, १९८३ ते ८५, लिहिणारा जॅक्सन, चित्रं जॉन ब्लांशची. मूळ ५९ मध्ये हे धरत नाहीत, पण नियम तेच, म्हणून मी धरते. राजमुकुट चोरीला गेलाय, तो मामपांगच्या किल्ल्यातनं आणायचा. पहिल्या भागातल्या डोंगरवाटेवरच्या गावांची नावं बघा, बिरीटांटी, धुम्पस, टोरेपानी. नेपाळात अन्नपूर्णाच्या बाजूला ट्रेकला गेलेल्यांना बिरेठांटी, धाम्पुस, घोरेपानी लगेच आठवतील. जॅक्सन तिकडं भटकून आला होता. त्यामुळं पायवाट, चहाटपरीएवढं गाव, पुढच्या खिंडीची धास्ती, हे सगळं खरं वाटतं.

मंत्र अठ्ठेचाळीस, प्रत्येकाला तीन अक्षरांचा संकेत. झॅप म्हणजे वीज. जिग म्हणजे समोरचा नाचायला लागतो, पण जवळ बांबूची बासरी पाहिजे. यॉबला राक्षसाचा दात लागतो. हे पाठ करून निघायचं, वाटेत मंत्रांचं पुस्तक उघडायचं नाही. अडचणीत पाच संकेत समोर येतात, त्यात काही मुळात अस्तित्वातच नसलेले. ते निवडलात की फुकटचा स्टॅमिना गेला. अभ्यास केला नाही तर मार्क जाणार, इतका सरळ हिशोब. पहिल्या भागात जान नावाचा एक इवलासा उडता प्राणी गळ्यात पडतो. गोड बोलतो, पण तो जवळ असताना तुमची जादू चालत नाही, आणि जा म्हटलं तर जात नाही. दुसऱ्या भागात खारे शहराचं उत्तरेचं दार उघडायला मंत्राच्या चार ओळी गोळा कराव्या लागतात. एखादी ओळ निसटली तरी कुणाकडं विचारायला विसरलो ते आठवतं. चौथा भाग एकटाच ८०० तुकड्यांचा.

इंकल कंपनीनं २०१३ पासून याची मोबाइलवरची आवृत्ती काढलीय, तीही सुंदर आहे. पण तिथं मागं जायला बटण आहे. पुस्तकात त्यासाठी पानात बोट घालून ठेवावं लागतं आणि तिसऱ्या बोटानंतर फासे टाकायला हात उरत नाही. चारही भाग माझ्याकडं आहेत. कुणाला पाहिजे असतील तर एका वेळी एकच नेणे, आणि पहिला परत आल्याशिवाय दुसरा मिळणार नाही.