एसटीत वैताग ओढवून घ्यायची सोपी पद्धत

एसटीचे कंडक्टर खडूस असतात असं लोक उगाच म्हणतात. ते काय आपोआप होत नाही हो, प्रवाशालाही मेहनत घ्यावी लागते.

सकाळची पहिली गाडी पकडा. मास्तरच्या बॅगेत चिल्लर नावालाच असते, तेव्हाच पंधरा रुपयांच्या तिकिटाला पाचशेची कोरी नोट काढायची, हातात द्यायची नाही, दोन बोटांत धरून हलवायची आणि म्हणायचं "ए कंडक्टर". गावाचं नाव खिडकीबाहेर बघत सांगा म्हणजे दोनदा विचारावं लागतं. स्कॅन करा म्हणाले तर "आपल्याकडं नाय ते", भले दुसऱ्या हातात रील चालू असेल. मग मास्तर तिकिटामागे पेनाने ४८५ लिहून देतील, उतरताना घ्या म्हणतील. इथून पुढे दर दोन मिनिटांनी मान वळवून "माझे पैसे?"

भाडेवाढीचा विषय तर काढाच. जानेवारी २०२५ मधे तिकीट १४.९५ टक्क्यांनी वाढलं, ते ह्याच माणसाने घरी जेवताना ठरवलं असं समजून बोला. शेजारी बाई बसली असेल तर तिला ऐकवा, मार्च २०२३ पासून तुमची मजाय, अर्धं तिकीट. आणि पंचाहत्तरीपुढचे आजोबा फुकट बसलेत ना, त्यांचं आधारकार्ड तुम्हीच तपासा. आता तुमची बॅग वर ठेवायला कोणी हात लावला तर सांगा मला.

मधेच एक म्हातारी चढेल, गाठोडं घेऊन. "मास्तर, लेकरा, वस्तीपाशी थांबीव हां, गुडघं लय दुखत्यात." आणि जिथे थांबाच नाही तिथे मास्तर घंटी मारतात, गाडी थांबते, गाठोडं स्वतः खाली देतात, वर "सावकाश आज्जी" पण म्हणतात. ह्यातून आपण काही घ्यायचं नसतं. आपण मोठ्याने विचारायचं, "हे नियमात बसतं का?"

नियम त्यांना पाठ असतात. तुमची गाडी बरोब्बर अधिकृत थांब्यावरच थांबेल, तुमच्या घरावरून अर्धा किलोमीटर पुढे. पैसे पण मिळतील, पूर्ण ४८५, सगळे दहा-दहाच्या मळक्या नोटांत आणि वरचं पाचाचं नाणं. दोन नोटांना चिकटपट्टी. मोजायला सुरुवात कराल तोवर डबल घंटी वाजलेली असते.

चिडू नका, फाट्यावर वडाप, म्हणजे माणसं भरली की सुटणारी खाजगी जीप, उभी असेल. त्या ड्रायव्हरला चढता चढताच विचारा, "सुटणार का अजून माणसं कोंबायचीत?"